शेवट मात्र सांगूं नका

“सध्यां काय वाचतां आहांत?” हा प्रश्न एके काळीं मराठी पांढरपेशा घरांत पाहुण्याला चहाच्या पेल्याबरोबर विचारला जाई. पुढें तो मागें पडला. प्रकृतीची चौकशी, मुलांच्या नोकऱ्या आणि रस्त्यावरची गर्दी एवढे विषय संपले कीं पाहुणा उठूं लागे. नाशिक शहरांतील कांहीं घरांत मात्र हा प्रश्न पुन्हां ऐकूं येऊं लागला, आणि त्याला कारण झाली एक पेटी.

कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीनें श्री. विनायक रानडे यांनीं २००९ सालीं नाशकांत ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला. वाचकानें ग्रंथालयाकडे जावयाचें, ही आजवरची रीत. येथें ग्रंथच वाचकाकडे जातात. निवडक पुस्तकांची एक पेटी भरावयाची, ती एखाद्या वस्तींतील एका कुटुंबाच्या स्वाधीन करावयाची, आसपासच्या घरांनीं तिच्यांतून पुस्तकें न्यावयाचीं, वाचावयाचीं, परत आणावयाचीं. आणि कांहीं महिन्यांनीं ती पेटी दुसऱ्या वस्तीला देऊन तेथील निराळी पेटी आपल्याकडे घ्यावयाची. वाचकाला वर्गणी नाहीं. पुस्तकांचा पैसा देणगीदारांकडून येतो. कोणी स्वतःच्या वाढदिवसाला मेजवानीचा खर्च वांचवून तो पुस्तकांसाठीं देतो. नाशकांतून निघालेल्या या पेट्या पुढें महाराष्ट्रांतील इतर गांवीं गेल्या, आणि दुबईसारख्या दूरच्या शहरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांपर्यंतहि पोंचल्या.

पेटींतील पुस्तकें महत्त्वाचीं खरींच; पण पेटीचें झांकण उघडल्यावर तिच्याभोंवतीं जें बोलणें होतें, तें त्याहून मोलाचें आहे. ग्रंथालयाच्या भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी असते, आणि ती योग्यच आहे. दिवाणखान्यांतल्या पेटीवर ती पाटी नसते. चार माणसें जमतात, जें पुस्तक परत आलें त्याविषयीं कोणी तरी कांहीं तरी बोलतें. “हें रात्रीं घेऊं नका, झोंप उडेल.” “पहिलीं चाळीस पानें कंटाळवाणीं आहेत, पण नेट धरा.” “वहिनी, हें तुम्ही घ्याच. मात्र शेवटचें प्रकरण आधीं उघडाल तर पुन्हां पेटीला हात लावूं देणार नाहीं.” वर्तमानपत्रांतील परीक्षण हजारों अनोळखी माणसांसाठीं लिहिलेलें असतें. हें शेवटचें वाक्य एकट्या वहिनींसाठीं असतें, आणि बोलणाऱ्याला त्यांचा स्वभाव ठाऊक असतो.

अशी शिफारस करणारा वाचक एक प्रकारें जामीन राहतो. चारशें पानांची कादंबरी म्हणजे दुसऱ्याच्या आयुष्यांतील आठ-दहा तास. पुस्तक चांगलें निघालें तर आभार लेखकाचे मानले जातात. वाईट निघालें तर दोष सुचवणाऱ्याच्या पदरीं पडतो. म्हणून भित्रा माणूस सुरक्षित मार्ग धरतो आणि ज्या पुस्तकाला मोठा पुरस्कार मिळाला, ज्याचें नांव घेतलें असतां कोणी हंसणार नाहीं, तेंच सुचवतो. मग तें त्यानें स्वतः पुरें वाचलेलें असो वा नसो. न वाचतां केलेली शिफारस ही खोट्या साक्षीसारखी आहे. ती एकदां उघडकीस आली कीं त्या माणसाच्या शब्दावर पुन्हां कोणी पुस्तक उचलीत नाहीं. उलट, “मला हें फार आवडलें, कां तें नीट सांगतां येत नाहीं, पण रात्रीं दोन वाजेपर्यंत दिवा मालवला नाहीं,” असें जो प्रांजळपणें सांगतो, त्याच्यामागें वाचक जातात. आणि हें प्रांजळ उत्तर दहांपैकीं पांच वेळां तरी एखाद्या रहस्यकथेविषयीं असतें, ही यांतली खरी अडचण आहे.

नाशकाला पुस्तकांची ओढ नवी नाहीं. येथील सार्वजनिक वाचनालय, ज्याला गांवांतील माणसें ‘सावाना’ या लाडक्या नांवानें ओळखतात, १८४० सालचें. पुण्याचें नगर वाचन मंदिर त्याच्यानंतर आठ वर्षांनीं निघालें. मराठींतील पहिली कादंबरी म्हणून जिचें नांव घेतात ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची. म्हणजे नाशकांत वाचनालय होतें तेव्हां मराठी कादंबरी जन्माला यावयाची होती. दुसरा एक योगायोग याहून मजेचा आहे. १८४१ सालीं अमेरिकेंत एडगर ॲलन पो यानें रू मॉर्ग या रस्त्यावरील खुनांची कथा प्रसिद्ध केली, आणि निव्वळ बुद्धीच्या जोरावर गुन्ह्याचा माग काढणाऱ्या आधुनिक नायकाची परंपरा तेथून सुरू झाली, असें सामान्यतः मानलें जातें. हा हिशेब धरला तर नाशिकचें वाचनालय या कथाप्रकारापेक्षां एका वर्षानें वडील ठरतें. वडील माणसानें खोडकर धाकट्याकडे पाहावें तशाच नजरेनें आपल्याकडील ग्रंथालयांनीं आणि पंडितांनीं रहस्यकथेकडे दीर्घकाळ पाहिलें. घरांतून हांकलतां येत नाहीं, पण पाहुण्यांसमोर बोलवावयाचें नाहीं!

हा धाकटा मराठींत वाढला तो मोठ्या जोमानें. गो. ना. दातारशास्त्री यांनीं रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या कथांना देशी वेष चढवला. ‘कालिकामूर्ति’, ‘बंधुद्वेष’ हीं नांवें घेतलीं तरी जुन्या वाचकांचे डोळे अजून लकाकतात. भुयारें, गुप्त दरवाजे, वेषांतरें, हरवलेले वारस यांची त्यांत रेलचेल. त्यानंतर बाबूराव अर्नाळकर आले. त्यांचें खरें नांव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांनीं हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि झुंजार, काळापहाड, धनंजय या नायकांना मराठी घराघरांत नेऊन बसवलें. १९४६ सालीं अनंत अंतरकरांनीं ‘हंस’ मासिक काढलें, आणि पुढें त्यांच्याच ‘नवल’नें गूढ व अद्भुत कथांना हक्काचें स्थान दिलें. मूळचे गोव्याचे गुरुनाथ नाईक यांनीं ‘कॅप्टन दीप’सारख्या नायकांच्या मालिका चालवीत बाराशेंच्या घरांत पुस्तकें लिहिलीं, २०२१ सालीं ते निवर्तले. सुहास शिरवळकरांनीं अमर विश्वास हा वकील, फिरोज इराणी हा गुप्तहेर, मंदार पटवर्धन आणि दारा बुलंद असे वेगवेगळ्या वळणाचे नायक एकाच वेळीं खेळवले. त्यांची ‘दुनियादारी’ ही कादंबरी रहस्यकथा नव्हे. पण २०१३ सालीं तिच्यावर चित्रपट निघाला तेव्हां नव्या पिढीचीं मुलें तिच्यापाशीं आलीं आणि तेथून मागें चालत अमर विश्वासपर्यंत गेलीं. हे वाचक कोणत्याहि टीकाकारानें पाठवले नव्हते. एकानें दुसऱ्याला सांगितलें, एवढेंच.

ह्या साऱ्या पुस्तकांचा संसार भाड्यानें पुस्तकें देणाऱ्या लहान ग्रंथालयांवर चालला. गल्लीच्या तोंडाशीं आठ-दहा फुटांची जागा, लांकडी फळ्या, त्यांवर खाकी कागदानें मढवलेलीं पुस्तकें, आणि मालकाजवळ एक वही. नवें पुस्तक आलें कीं त्याच्यासाठीं नंबर लागत. दिवसाचें भाडें चढूं नये म्हणून एका रात्रींत पुस्तक संपवावयाचें, आणि तेवढ्यांत घरांतल्या आणखी दोघांनीं तें वाचून घ्यावयाचें, अशी घाई असे. त्या ग्रंथालयाचा मालक हाच त्या भागाचा मुख्य समीक्षक. त्याला साहित्यशास्त्र ठाऊक नसे. पण कोणत्या घरीं काय चालतें हें त्याला पाठ असे. “तुमच्या आईंना हें आवडणार नाहीं, यांत कुत्रें मरतें,” असा सल्ला देणारा ग्रंथपाल मोठमोठ्या संस्थांतहि मिळणें कठीण.

शाळकरी मुलांना हीं पुस्तकें उघड वाचण्याची मुभा नसे. मग अर्नाळकर भूगोलाच्या पुस्तकांत शिरत. लोकमान्यांचा ग्रंथ ज्या घरीं होता तेथील मुलांची सोय अधिक चांगली होती. वडिलांनीं विचारलें, “काय रे, रहस्य वाचतो आहेस ना?” तर “होय” हें उत्तर शब्दशः खरें असे! विनोद सोडून दिला तरी एक गोष्ट उरते. ज्या पुस्तकांनीं दोन-तीन पिढ्यांना भराभर वाचण्याची संवय लावली, तींच पुस्तकें लपवून वाचावीं लागलीं. संवय राहिली, कृतज्ञता मात्र कोणी बोलून दाखवली नाहीं.

या वाङ्मयांत दोष नाहींत असें नाहीं. झपाट्यानें लिहिलेल्या पुस्तकांत भाषा अनेकदां ठोकळ होते, स्त्रिया बहुधा किंचाळण्यापुरत्या येतात, आणि कित्येक कथांचीं मुळें इंग्रजी कथांत सांपडतात. पण याच न्यायानें पाहूं गेल्यास त्या काळच्या कित्येक प्रतिष्ठित कादंबऱ्यांचें काय होईल, याचा विचार न केलेलाच बरा. रहस्यकथेच्या वाचकाला लेखक एक वचन देतो: पहिल्या पानावर जी गांठ मारली ती शेवटच्या पानावर सुटेल. हें वचन पाळणें सोपें नाहीं. अर्नाळकरांनीं आणि नाईकांनीं तें शेंकडों वेळां पाळलें.

त्या वचनामुळेंच ह्या पुस्तकांची शिफारस करणें ही एक स्वतंत्र कला होऊन बसते. सामाजिक कादंबरीचें सारें कथानक सांगितलें तरी तिचें फारसें बिघडत नाहीं. रहस्यकथेचें एक वाक्य सांगितलें कीं ती संपली. अगाथा ख्रिस्ती यांची रॉजर ॲक्रॉइडच्या खुनावरील कादंबरी १९२६ सालीं निघाली. तिचा शेवट ठाऊक नसलेला वाचक हा भाग्यवान माणूस समजावा, आणि त्याच्याशीं त्या पुस्तकाविषयीं बोलतांना तोंडाला कुलूप घालावें. त्याच लेखिकेचें ‘द माउसट्रॅप’ हें नाटक लंडनमध्यें १९५२ सालीं रंगभूमीवर आलें आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिलें. प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांना विनंति केली जाते कीं, गुन्हेगार कोण तें बाहेर जाऊन कोणाला सांगूं नका. लाखों माणसांनीं ती विनंति मानली म्हणूनच नवा प्रेक्षक तेथें कुतूहलानें बसूं शकला. आपल्याकडे याच्या नेमकें उलट वागणारा एक प्राणी प्रत्येक भाड्याच्या ग्रंथालयांत असे. तो पुस्तक परत करण्यापूर्वीं दहाव्या पानाच्या समासांत शिसपेनीनें खुन्याचें नांव लिहून ठेवी. तो कोण होता हें रहस्य मात्र कोणत्याहि गुप्तहेराला उकललें नाहीं.

मग शेवट न सांगतां सांगावें तरी काय? जाणता वाचक जागा सांगतो, माणसें सांगतो, हवा सांगतो. बंगाली लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश बक्षी १९३२ सालीं प्रथम अवतरला. मराठी घरांत तो १९९३ सालच्या दूरदर्शनवरील मालिकेमुळें अधिक ओळखीचा झाला. त्याच्याविषयीं इतकें सांगितलें तरी पुरतें कीं, त्याला ‘डिटेक्टिव्ह’ म्हटलेलें आवडत नाहीं, तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो. एका प्रकरणाचा छडा लावतांना त्याला सत्यवती भेटते आणि पुढें तिच्याशीं त्याचें लग्न होतें. त्याचें वय वाढत जातें, संसार वाढत जातो, आणि भोंवतालचें कलकत्ता बदलत जातें. सत्यजित राय यांचा फेलूदा १९६५ सालीं ‘संदेश’ या मुलांच्या मासिकांतून आला. अशोक जैन यांच्या अनुवादामुळें तो मराठी मुलांच्या हातीं सुखरूप पोंचला. फेलूदा म्हातारा होत नाहीं, लग्नहि करीत नाहीं. त्याच्याबरोबर जटायु या टोपणनांवानें थरारक कादंबऱ्या लिहिणारे लालमोहनबाबू हिंडतात. त्यांच्या पुस्तकांतील भूगोलाच्या आणि विज्ञानाच्या चुका फेलूदा काढतो, आणि तरी त्या गृहस्थांवांचून त्याचें पान हालत नाहीं. लोकप्रिय रहस्यकथाकाराची याहून प्रेमळ थट्टा कोणी केली नसेल.

मालिकेची गोडी एकट्या पुस्तकाहून वेगळी असते. तिच्यांत वाचक गांठ सुटण्यासाठीं जितका येतो तितकाच ओळखीच्या माणसांना भेटावयालाहि येतो. आर्थर कॉनन डॉयल यानें १८९३ सालीं शेरलॉक होम्सला धबधब्यांत ढकलून दिलें, तेव्हां हें त्याच्या ध्यानांत आलें नाहीं. वाचकांनीं तें मरण मानलेंच नाहीं, आणि १९०३ सालीं त्याला आपला नायक परत आणावा लागला. भालबा केळकरांच्या अनुवादांतून होम्सला भेटलेल्या मराठी मुलानें बेकर स्ट्रीट कधीं पाहिलेला नसतो. पण तेथला जिना त्याला स्वतःच्या वाड्याच्या जिन्याइतका पाठ असतो. म्हणून मालिका सुचवतांना कोठून आरंभ करावा हें सांगणें अगत्याचें. पॉइरोच्या बहुतेक कथा कोणत्याहि क्रमानें वाचल्या तरी चालतात. परंतु ‘कर्टन’ ही त्याची अखेरची कथा कोणाच्याहि हातीं प्रथम देऊं नये. ती ख्रिस्तीबाईंनीं दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत लिहून कुलपांत ठेवली होती आणि १९७५ सालीं ती बाहेर आली. ज्या पुस्तकासाठीं लेखिका स्वतः तीस वर्षें थांबली, त्याच्यासाठीं वाचकानें दहा-बारा पुस्तकें थांबावयास हरकत नसावी.

रहस्यकथेच्या वाटेनें आलेला वाचक तेथेंच राहतो, हा एक रूढ आक्षेप आहे. पेटीपाशीं बसणाऱ्यांचा अनुभव तसा असण्याचें कारण नाहीं. प्रश्न असतो तो पुढचें पुस्तक कोणत्या शब्दांत हातीं दिलें जातें याचा. कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ या कादंबरीला २०२३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. “पुरस्कारप्राप्त आहे, वाचा,” असें म्हटलें तर शोधकथेचा शौकीन ती बाजूला ठेवील. पण धरणामुळें गांव उठलें, माणसें दुसरीकडे गेलीं, एक म्हैस मागें राहिली, आणि तिला आणावयास एक माणूस त्या ओसाड रानांत परत शिरला, एवढें सांगितलें तर तो पुस्तक हातांतून सोडणार नाहीं. कारण शोध म्हणजे काय तें त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. नंदा खरे यांची ‘उद्या’ ही अशीच. उद्यांच्या जगांत माणसावर कोण, कसा आणि कशासाठीं पहारा ठेवील याचा विचार करणारी ही कादंबरी २०१४ सालची. तिला २०२० सालचा अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि लेखकानें तो घेतला नाहीं. तिच्यांत एकच गुन्हेगार सांपडत नाहीं, हें मात्र आधीं सांगून ठेवावें, म्हणजे अपेक्षाभंग होत नाहीं. हृषीकेश गुप्ते हे भयकथा लिहीत लिहीत ‘दंशकाल’पर्यंत आले, त्यांच्या पाठीमागून त्यांचे जुने वाचकहि आले. नारायण धारपांच्या ‘समर्थ’ कथांवर किंवा रत्नाकर मतकरींच्या गूढकथांवर पोसलेल्या वाचकाला ही वाट परकी वाटत नाहीं.

धारपांचें नांव निघालें म्हणून एक हकीकत सांगण्यासारखी आहे. १९९३ सालीं राही अनिल बर्वे या तरुणाला एका मित्रानें धारपांची एक कथा तोंडीं सांगितली. ती त्यांच्या मनांत घर करून राहिली, आणि पंचवीस वर्षांनीं, २०१८ सालीं, त्यांचा ‘तुंबाड’ हा चित्रपट आला. त्याच्या नांवाचें मूळ श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरींत आहे. मित्रानें ती कथा रंगवून सांगितली नसती, किंवा ‘भुताच्या गोष्टी काय सांगावयाच्या’ म्हणून गिळली असती, तर काय झालें असतें तें सांगतां येत नाहीं.

सांगणारा नसला कीं मोठ्यांचींहि पुस्तकें कशीं झांकलीं जातात, याचें उदाहरण नाशकांतच आहे. कुसुमाग्रजांच्या नांवें पेट्या फिरतात. पण कुसुमाग्रजांनीं ‘वैष्णव’, ‘जान्हवी’, ‘कल्पनेच्या तीरावर’ अशा कादंबऱ्याहि लिहिल्या, हें कितीजणांना आठवतें? वसंत कानेटकर नाटककार म्हणून सर्वांना ठाऊक. त्यांनीं आरंभीं ‘घर’, ‘पंख’ या कादंबऱ्या लिहिल्या होत्या. या पुस्तकांना कोणी वाईट म्हटलेलें नाहीं. त्यांच्याविषयीं कोणी कांहींच म्हणत नाहीं, आणि पुस्तकाला तें अधिक जाचतें. नाशिकजवळच्या विहितगांवांत जन्मलेले बाबूराव बागुल यांची ‘सूड’ ही छोटी कादंबरी तर केवळ नांवामुळें एखादा काळापहाडचा भक्त उचलील. त्याला हवा तो सूड तेथें मिळणार नाहीं. एका स्त्रीच्या मनांतली आग मिळेल. तो फसला असें म्हणावें कीं त्याला लाभ झाला, हें त्याचें त्यानें ठरवावें. सुचवणाऱ्यानें येथें गप्प राहिलें तरी चालेल.

या पेट्या नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहांतहि गेल्या. तेथें रहस्यकथा द्याव्या कीं न द्याव्या, यावर सुशिक्षितांत दोन मतें सहज होतील. गुन्ह्याची गोष्ट गुन्हेगाराला काय शिकवील, असें एक पक्ष विचारील. पण रहस्यकथेंत गुन्हा शेवटीं उघडकीस येतो आणि निरपराध माणूस सुटतो. खटल्याच्या तारखेची वाट पाहत बसलेल्या माणसाला ही गोष्ट इतर कोणाहिपेक्षां अधिक जवळची वाटेल. शिवाय त्या कारागृहाला पुस्तकांचें वावडें नाहीं. १९३३ च्या फेब्रुवारींत, ९ तारखेपासून १३ तारखेपर्यंतच्या पांच दिवसांत, साने गुरुजींनीं ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगांतच लिहिली. आईच्या त्या आठवणी आधीं बरोबरच्या कैद्यांना सांगितलेल्या होत्या. एकानें सांगितलें, दुसऱ्यांनीं ऐकलें, आणि मग तें कागदावर उतरलें.

डिसेंबर २०२१ मध्यें नाशकांत ९४ वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें. त्याचे अध्यक्ष जयंत नारळीकर हे विज्ञानकथा लिहिणारे शास्त्रज्ञ होते. प्रकृतीमुळें त्यांना येतां आलें नाहीं, तरी ज्या कथाप्रकाराला पूर्वीं ‘मुलांचें वाचन’ म्हणत त्याला मानाचा पाट मिळाला. अर्नाळकरांच्या पंथांतला लेखक त्या पाटापर्यंत पोंचला नाहीं. त्याबद्दल खंत करण्याचें कारण नसावें; खंत करण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. हीं हजारों पुस्तकें स्वस्त कागदावर छापलेलीं होतीं. भाड्याचीं ग्रंथालयें एकामागून एक बंद झालीं, तेव्हां त्यांच्या फळ्या रद्दीवाल्यांनीं रिकाम्या केल्या. मोठ्या ग्रंथालयांनीं हीं पुस्तकें एकतर घेतलीं नव्हतीं, किंवा घेतलेलीं वापरून झिजलीं. दातारशास्त्र्यांच्या कांहीं कादंबऱ्या पुन्हां छापल्या गेल्या. अर्नाळकर-नाईक यांचीं वेंचक पुस्तकें नव्या वेष्टनांत आलीं. बाकीच्यांचें अस्तित्व जुन्या वाचकांच्या स्मृतींत आणि कोणाच्या तरी माळ्यावरील ट्रंकेंत.

म्हणून पेटीपाशीं कधीं कधीं असें घडतें कीं, एखादा नातू माळ्यावरून काढलेलें, खाकी कागद सुटलेलें, कडा कुरतडलेलें काळापहाडचें पुस्तक घेऊन येतो. वेष्टन नाहीं, सालाचें पान नाहीं, आणि शेवटचीं आठ पानें नाहींत. काळापहाड खिडकींतून आंत शिरला आहे, खोलींत कोणी तरी खुर्चींत पाठमोरें बसलें आहे, आणि तेथें कागद संपतो. दुसरी प्रत कोठें मिळेल तें कोणाला सांगतां येत नाहीं. तेव्हां कोंपऱ्यांत बसलेल्या आजोबांकडे साऱ्यांच्या नजरा वळतात. त्यांनीं हें पुस्तक साठ वर्षांपूर्वीं एका रात्रींत वाचलेलें असतें. आयुष्यभर त्यांनीं कोणाला शेवट सांगितलेला नसतो. ते चष्मा काढतात, पुसतात, पुन्हां घालतात. “खुर्चींत तो सेक्रेटरी होता,” असें म्हणून ते थांबतात, मग मान हालवतात. “नाहीं, तो दुसऱ्या पुस्तकांतला. थांबा, पहिल्यापासून सांगतों.”